कटगुणचे गोऱ्हे, पुण्याचे फुले

(बी. ए., द्वितीय वर्ष)

थोर पुरुषांची चरित्रे आपण वाचतो ती बहुधा जन्मतारखेपासून. अमुक साली अमुक गावी त्यांचा जन्म झाला, असे पहिले वाक्य असते आणि तेथून पुढे कर्तृत्वाची कथा सुरू होते. पण माणूस काही आकाशातून पडत नाही. त्याच्या मागे बाप असतो, आजा असतो, पणजा असतो. त्यांनी पाहिलेले दुष्काळ, सोडलेली गावे, गमावलेल्या जमिनी, सोसलेले अपमान हे सारे त्याच्या रक्तात नसले तरी घरातल्या बोलण्यात उतरलेले असते. म्हणून एखाद्या माणसाला समजून घ्यायचे तर त्याचे घराणे कोठून निघाले आणि कोणत्या वाटेने आले, हेही पाहावे लागते.

राजांच्या वंशावळी भाटांनी लिहिल्या, सरदारांच्या बखरकारांनी लिहिल्या. शेतकऱ्याची वंशावळ कोण लिहिणार? आपल्या वैनगंगेच्या खोऱ्यात पोवारांच्या घरांतून माळव्याची आणि धारनगरीची आठवण आजही सांगितली जाते. ज्यांनी भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा केले त्या कोहळी समाजात पूर्वज काशीकडून आल्याची परंपरा आहे. म्हणजे आज ज्याला आपण आपली बांधी आणि आपला धुरा म्हणतो, तेथे आपला कोणी तरी पूर्वज एके दिवशी परका म्हणून येऊन उभा राहिला होता. त्याचे नाव मात्र कोणाला ठाऊक नाही. अशा अगणित अनाम शेतकरी घराण्यांपैकी एका घराण्याची वाट आपल्याला बरीचशी माहीत आहे, कारण त्या वाटेच्या शेवटी महात्मा जोतीराव फुले उभे आहेत. जोतीरावांच्या कार्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या घराण्याच्या प्रवासाच्या अंगाने त्यांचे चरित्र पाहण्याचा माझा प्रयत्न आहे.

या घराण्याचे मूळ गाव कटगुण. सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात हे गाव आहे. घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. जात माळी, धंदा शेतीचा. जोतीरावांचे पणजोबा या गावचे चौगुले होते. आपल्या भागात मालगुजार आणि पटवारी असत, तसे त्या भागात पाटील आणि कुळकर्णी असत. पाटलाच्या हाताखाली गावकीची कामे करणारा वतनदार तो चौगुला. गावचे दप्तर मात्र कुळकर्ण्याच्या ताब्यात. कोणाची किती जमीन, कोणाकडे किती सारा थकला, हे सारे त्याच्या वहीत. ज्याला अक्षर येते त्याच्या हाती सत्ता, आणि ज्याच्या हाती नांगर त्याच्या नशिबी त्या वहीवरचा विश्वास, अशी ती व्यवस्था होती.

परंपरेने सांगितली जाणारी हकीकत अशी की, गावच्या कुळकर्ण्याने या चौगुल्याचा फार छळ मांडला. छळ असह्य झाला तेव्हा संतापाच्या भरात चौगुल्याने त्याचा जीव घेतला आणि त्याच रात्री बायकोसह गाव सोडले. या कृत्याचे समर्थन कोणी करणार नाही. पण त्यामागची असहायता समजून घेतली पाहिजे. ज्याला अर्ज लिहिता येत नाही, ज्याची फिर्याद लिहून घेणारा माणूस तोच त्याचा वैरी, त्याने दाद मागायची कोणाकडे? पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी याच घराण्यातल्या एका माणसाने त्याच अन्यायाविरुद्ध हत्यार उचलले. पण ते हत्यार म्हणजे लेखणी होती. पणजोबा आणि पणतू यांच्यातील हे अंतर केवळ काळाचे नाही, ते शिक्षणाचे आहे.

कटगुण सुटले आणि हे कुटुंब पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात खानवडी या गावी येऊन राहिले. घराण्याचे हे पहिले स्थलांतर. तेथे शेटिबाचा जन्म झाला. शेटिबा म्हणजे जोतीरावांचे आजोबा. स्वभावाने ते भोळे आणि हाताने सढळ होते असे चरित्रकार सांगतात. भोळ्या माणसाच्या घरी लक्ष्मी टिकत नाही. कर्ज झाले, होते नव्हते ते गेले, आणि पोट भरण्यासाठी शेटिबांना आपले कुटुंब घेऊन पुण्याची वाट धरावी लागली. हे दुसरे स्थलांतर. पहिले भयाने झाले, दुसरे कर्जाने. शेतकऱ्याला गाव सोडायला लावणारी ही दोन कारणे किती जुनी आहेत पाहा!

शेटिबांना तीन मुलगे होते. राणोजी, कृष्णा आणि गोविंद. पुण्यात या पोरक्या घराला आधार मिळाला तो फुलांच्या धंद्याचा. मुले एका फुलमाळ्याकडे कामाला लागली आणि हार, गजरे, फुलांच्या चादरी, गालिचे, पोशाख करण्यात इतकी तरबेज झाली की त्यांची कीर्ती पेशव्यांच्या वाड्यापर्यंत गेली. वाड्यातून काम मिळू लागले. कामावर खूष होऊन पेशव्यांनी त्यांना सुमारे ३५ एकर जमीन इनाम दिली. फुलांचे काम करणारे म्हणून लोक त्यांना फुले म्हणू लागले. गोऱ्हे हे नाव कटगुणच्या शिवेवरच राहून गेले. शेतकरी घराणे जेव्हा परक्या ठिकाणी जाते तेव्हा गाव जाते, जमीन जाते आणि कधीकधी नावही जाते. नव्या ठिकाणचे लोक आपल्याला हाताच्या कामावरून ओळखू लागतात.

जमीन मिळाली, आता घर स्थिरावेल असे वाटावे, तोच घरातूनच घाव बसला. थोरला भाऊ राणोजी याने ती सर्व इनाम जमीन आपल्या एकट्याच्या ताब्यात ठेवली. धाकट्या भावांच्या हाती काही आले नाही. इ. स. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि वाड्यातील फुलांच्या कामाचा आश्रयही संपला. तरी सर्वांत धाकटे गोविंदराव खचले नाहीत. त्यांनी पुण्यात फुलांचा आणि भाजीपाल्याचा व्यापार सुरू केला, मळा केला, आणि काटकसरीने घर उभे केले.

येथे क्षणभर थांबून एक दूरची गोष्ट सांगावीशी वाटते. इतिहासाच्या तासाला ती आपण सर्वांनी अर्धीमुर्धी ऐकली आहे. इ. स. १६३७ मध्ये इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातून सॅम्युएल लिंकन नावाचा एक विणकर तरुण जहाजाने अमेरिकेत गेला आणि मॅसॅच्युसेट्समधील हिंगहॅम येथे स्थायिक झाला. इंग्लंडमधील त्याच्या गावाचे नावही हिंगहॅमच. माणसांनी गाव सोडले, पण गावाचे नाव बरोबर नेले. त्याचे वंशज नव्या जमिनीच्या शोधात न्यू जर्सी, पेन्सिल्व्हेनिया, व्हर्जिनिया असे पिढ्यान्‌पिढ्या सरकत केंटकीपर्यंत पोहोचले. ती जमीन काही निर्मनुष्य नव्हती. तेथील मूळ रहिवाशांशी रक्तरंजित झगडे चालू होते. अशाच एका हल्ल्यात १७८६ साली या घराण्यातील अब्राहम नावाचा शेतकरी आपल्या शेतात काम करीत असता मारला गेला. त्याच्या पश्चात तेव्हाच्या वारसा कायद्याप्रमाणे जमीन मिळाली ती थोरल्या मुलाला, मॉर्डेकायला. धाकटा टॉमस रिकाम्या हातांनी राहिला. या टॉमसने पुढे कष्टाने जमीन घेतली, पण तिच्या कागदपत्रांत घोळ निघाले आणि १८१६ साली केंटकी सोडून त्याला इंडियानात जावे लागले. त्याचा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. नऊ वर्षांचा असताना त्या मुलाची आई वारली. सारे मिळून वर्षभरही त्याला शाळा लाभली नाही. तो मुलगा म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन. १ जानेवारी १८६३ रोजी गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढणारे ते हेच.

वाचकहो, सात समुद्रांपलीकडचे ते घराणे आणि आपल्या मातीतले हे घराणे यांची तुलना करून पाहा. दोन्हीकडे रक्त सांडलेले, दोन्हीकडे थोरल्या भावाकडे गेलेली जमीन आणि रिकाम्या हातांनी उभा राहिलेला धाकटा भाऊ, आणि दोन्हीकडे त्या धाकट्या भावाच्याच पोटी जन्मलेला मुलगा गुलामगिरीविरुद्ध उभा राहिलेला. हा नुसता योगायोग म्हणून सोडून देता येईल. पण मला वाटते, ज्या घराण्याने जमीन जाण्याचे दुःख पाहिले आहे त्याला माणसाचे माणूसपण हिरावले जाण्याचे दुःख लवकर कळत असावे. या दोन घराण्यांची गाठ पुढे एका पुस्तकाच्या पानावर पडली, त्याचा उल्लेख योग्य ठिकाणी येईलच.

गोविंदरावांचे लग्न पुण्याजवळच्या धनकवडी येथील झगडे पाटलांच्या चिमणाबाईंशी झाले. त्यांना दोन मुलगे झाले. थोरला राजाराम आणि धाकटा जोतीराव. जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. त्या दिवशी जोतिबाची यात्रा होती म्हणून मुलाचे नाव जोती ठेवले. मूल जेमतेम वर्षाचे होते तोच चिमणाबाई वारल्या. गोविंदरावांनी दुसरे लग्न केले नाही. नात्यातील एक बालविधवा, सगुणाबाई क्षीरसागर, यांनी या पोराला आईच्या मायेने वाढवले. सगुणाबाई एका मिशनरी कुटुंबात मुले सांभाळण्याचे काम करीत. त्यामुळे बाहेरच्या जगाचा वारा या घरात शिरला तो त्यांच्यामुळे. थोरांच्या चरित्रांत अशा बायका एकदोन ओळींत येऊन जातात. पण त्या ओळी काढल्या तर पुढचे चरित्रच उरत नाही.

सातव्या वर्षी गोविंदरावांनी मुलाला मराठी शाळेत घातले. मुलगा हुशार निघाला. पण गोविंदरावांच्या दुकानावर काम करणाऱ्या कारकुनाने त्यांचे मन वळवले. माळ्याच्या पोराला शिक्षणाचा काय उपयोग, उलट तो शेतीच्या कामातून जाईल, असा तो सल्ला होता. बापाला तो पटला. जोतीरावांची शाळा सुटली आणि हाती खुरपे आले. तीन पिढ्या ज्या अज्ञानाने या घराण्याला गावोगाव फिरवले होते, ते अज्ञान चौथ्या पिढीच्या दाराशी पुन्हा येऊन उभे राहिले.

हा प्रसंग मी वाचला तेव्हा पुस्तक काही वेळ मिटून ठेवावे लागले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. माझ्या आज्याचा अंगठा जमिनीच्या जुन्या कागदांवर निळ्या शाईत उमटलेला मी पाहिला आहे. त्या कागदात काय लिहिले आहे हे त्याला कधीच वाचता आले नाही. कोणी तरी वाचून दाखवले तेच खरे. मी बारावी झाले तेव्हा बाबांनाही असाच सल्ला देणारे भले लोक भेटले. रोवणीला बाई मिळत नाही आणि तू घरची पोरगी पुस्तके वाचायला पाठवतोस, असे त्यांच्या बोलण्याचे तात्पर्य होते. बाबांनी ऐकून घेतले आणि माझ्या प्रवेशाचे पैसे भरले. दोनशे वर्षे होत आली, तरी सल्ला तोच आहे; फक्त सल्लागार बदलले आहेत. म्हणून जोतीरावांची ही कथा मला जुनी वाटत नाही.

जोतीराव मळ्यात राबू लागले, तरी वाचनाची ओढ सुटली नाही. १८४० साली त्यांचे लग्न सातारा जिल्ह्यातील नायगावच्या सावित्रीबाईंशी झाले. त्यांच्या शेजारी राहणारे उर्दू-फारसीचे शिक्षक गफार बेग मुन्शी आणि लिजिट नावाचे ख्रिस्ती गृहस्थ या दोघांच्या नजरेत या मुलाची बुद्धी भरली. त्यांनी गोविंदरावांची समजूत घातली. एका कारकुनाच्या शब्दाने बंद झालेले दार दोन परधर्मीय शेजाऱ्यांच्या शब्दाने उघडले. १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले आणि १८४७ मध्ये त्यांचे इंग्रजी शिक्षण पुरे झाले. सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर, सखाराम यशवंत परांजपे हे ब्राह्मण मित्र त्यांना येथेच लाभले. याच सुमारास टॉमस पेन या लेखकाचे माणसाच्या हक्कांवरील पुस्तक त्यांच्या हाती पडले. हा पेनही इंग्लंडमध्ये जन्मून १७७४ साली अमेरिकेत गेलेला. देश बदलणारी माणसे कधीकधी विचारांची बीजे पदराला बांधून नेतात ती अशी.

१८४८ साली एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत जोतीराव चालत असता माळ्याने आमच्या बरोबरीने चालावे हे काहींना खपले नाही आणि त्यांचा भर रस्त्यात अपमान झाला. कटगुणच्या चौगुल्याचा पणतू त्या रात्री घरी परतला तेव्हा त्याच्या मनात काय चालले असेल! राग तोच होता. पण या वेळी रागाचे रूपांतर शाळेत झाले. गोवंडे यांच्यासह जोतीरावांनी अहमदनगरला मिस सिंथिया फॅरार यांची मुलींची शाळा पाहिली होती. या बाई १८२७ मध्येच अमेरिकेहून आपल्याकडे आल्या होत्या. योगायोग असा की जोतीरावांच्या जन्माचेही ते वर्ष. १८४८ मध्येच जोतीरावांनी पुण्यात बुधवार पेठेतील भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. शिकवायला बाई मिळेना, तेव्हा त्यांनी आपल्या पत्नीलाच शिकवून शिक्षिका केले. सावित्रीबाई शाळेत जाताना लोक त्यांच्या अंगावर शेणमाती फेकीत. आज आपल्या वर्गात मुलींची बाके भरलेली दिसतात, ती त्या शेणमातीवर उगवलेली आहेत, हे आम्ही मुलींनी तरी विसरता कामा नये.

गोविंदरावांवर जातीचे आणि समाजाचे दडपण वाढले. मुलाने शाळा सोडावी नाही तर घर सोडावे, असा पेच पडला. १८४९ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई घराबाहेर पडले. घराण्याचे हे तिसरे स्थलांतर म्हणायला हरकत नाही. अंतर फार नव्हते, पुण्यातल्या पुण्यातच होते. पण पहिले भयामुळे झाले, दुसरे कर्जामुळे आणि हे तिसरे मात्र स्वतःच्या मर्जीने, एका विचारासाठी झाले. म्हणूनच मला ते सर्वांत लांबचे वाटते. गोविंदरावांना आपण दोष देऊ नये. त्यांच्या बापाला आणि आज्याला गाव सोडावे लागले होते. आपल्याला आता कोठेही जावे लागू नये, असेच त्या माणसाला वाटत असेल.

पुढील काळातील कार्य सर्वश्रुत आहे. अस्पृश्यांसाठी शाळा झाल्या. १८५२ मध्ये विश्रामबागवाड्यात सरकारने त्यांचा सत्कार केला. १८५५ मध्ये कामकरी-शेतकऱ्यांसाठी रात्रीची शाळा निघाली. विधवांच्या मुलांचे प्राण वाचावेत म्हणून १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. १८६८ मध्ये घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना मोकळा केला. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला. हे सारे करताना पोटासाठी त्यांनी कोणापुढे हात पसरला नाही. खडकवासल्याचे धरण, येरवड्याचा पूल, कात्रजचा बोगदा अशा कामांत त्यांनी कंत्राटे घेतली. मांजरी येथे जमीन घेऊन बागाईत केली. थोरल्या चुलत्याने जी जमीन दाबली होती तिच्यासाठी हा पुतण्या भांडत बसला नाही. त्याने आपली जमीन आपण कमावली.

१८७३ सालीच त्यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील ज्या सज्जनांनी निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झीज सोसली त्यांना तो अर्पण केला आहे. मघाशी ज्या दोन घराण्यांची गाठ म्हटले ती हीच. पुण्याच्या एका माळ्याच्या मुलाने न पाहिलेल्या देशातील लोकांना आपला ग्रंथ अर्पण केला. त्यात त्याने त्यांच्याकडे मागितले काही नाही, त्यांच्या उदाहरणाने आपल्या देशबांधवांनीही शूद्रांना मोकळे करावे एवढीच आशा धरली.

या ग्रंथात जोतीराव स्वतःच एका मोठ्या वंशावळीच्या शोधाला लागलेले दिसतात. आपल्या एकट्या घराण्याचे मूळ शोधून त्यांचे समाधान झाले नाही. साऱ्या कष्टकऱ्यांचे मूळ त्यांना शोधायचे होते. क्षेत्र म्हणजे शेत, आणि ते कसणारे मूळचे रहिवासी तेच क्षत्रिय, बाहेरून आलेल्या आर्यांनी त्यांना जिंकून शूद्र ठरवले, अशी त्यांची मांडणी होती. कुणबी, माळी आणि धनगर हे मूळचे एकच. नुसती शेती करणारा कुणबी झाला, बागाईत करणारा माळी झाला, मेंढरे राखणारा धनगर झाला, असेही त्यांनी पुढे लिहिले. शब्दांच्या या व्युत्पत्ती आणि हा इतिहास आजचे सर्व अभ्यासक जसाच्या तसा मान्य करीत नाहीत. तरी त्यामागची दृष्टी मोलाची आहे. ज्यांना मूळच नाही असे समजले जात होते त्यांना त्यांनी मूळ दिले, आणि ते मूळ राजवाड्यात न शोधता शेतात शोधले. आपण एका मोठ्या घराण्यातले आहोत, असे प्रत्येक नांगरधाऱ्याला सांगणारा हा पहिला वंशावळकार होता.

१८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करण्यासाठी हंटर कमिशन आले. त्याच्यापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी दिली आहे. एवढे शिकलेला, एवढे लिहिलेला, पुणे नगरपालिकेचा सभासद असलेला हा मनुष्य स्वतःला शेतकरी म्हणवतो, याकडे मला आपले लक्ष वेधायचे आहे. शेतकऱ्यांच्या करातून सरकारची तिजोरी भरते, मात्र तो पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि शेतकऱ्यांची मुले कोरडी राहतात, हे त्यांनी स्पष्टपणे मांडले. बारा वर्षांच्या वयापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, मोडी आणि बाळबोध लेखन-वाचन, हिशेब, इतिहास, भूगोल यांच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे नियम शिकवावेत, अशी त्यांची मागणी होती. मोडी आणि हिशेब यांवर भर का, हे कटगुणची हकीकत माहीत असलेल्याला वेगळे सांगायला नको. कुळकर्ण्याची वही मोडीत असे आणि सावकाराचे खत हिशेबात.

दुसऱ्याच वर्षी, १८८३ मध्ये, त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. शेतकरी कंगाल का झाला, याचा एवढा मुळापर्यंत गेलेला विचार आपल्याकडे तोपर्यंत कोणी केला नव्हता. एका विद्येच्या अभावातून एकेक अनर्थ कसा निघत जातो, याची साखळी त्यांनी ग्रंथाच्या प्रारंभीच दाखवली आहे. ती तात्त्विक साखळी आपण पाठ करतो. पण तिच्या प्रत्येक कडीला जोतीरावांच्या घराण्यातला एकेक माणूस उभा आहे असे मला वाटते. दप्तरापुढे हतबल झालेला पणजा, कर्जात बुडालेला आजा, इनामाला मुकलेला बाप. मात्र हा ग्रंथ नुसता रडत नाही. पावसाचे पाणी शेतातच मुरावे म्हणून ताली आणि बंधारे घालावेत, तलावांतील गाळ काढून शेतांना द्यावा, गुराढोरांची आणि मेंढ्यांची जात सुधारावी, पिकांची प्रदर्शने भरवून बक्षिसे द्यावीत, शेतकऱ्यांच्या मुलांना शाळा द्यावी, असे रोखठोक उपाय त्यात आहेत. धान पिकवणाऱ्या आपल्या मुलखात हे वाचताना आश्चर्य वाटते. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि मालगुजारांचे तलाव माजी मालगुजारी तलाव झाले. तलावाचा गाळ ही येथील शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यातली गोष्ट आहे. १८८३ सालचा तो ग्रंथ सिहोऱ्याच्या पारावर वाचला तरी कोणाला परका वाटणार नाही.

१८८८ मध्ये इंग्लंडच्या राणीचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात मेजवानी झाली. जरीचे पोशाख आणि हिऱ्यामोत्यांचे दागिने घातलेल्या पाहुण्यांत जोतीराव गेले ते गरीब शेतकऱ्याच्या वेषात. येथे बसलेले श्रीमंत म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरी प्रजा खेड्यांत अर्धपोटी आहे, हे त्यांनी राजपुत्राला ऐकवले. या प्रसंगाला कोणी नाट्य म्हणेल. मला मात्र त्यात दुसरेच दिसते. खानवडीहून कर्जाने उठलेला शेटिबा ज्या वेषात पुण्यात शिरला असेल, त्याच वेषात त्याचा नातू राजपुत्रापुढे उभा राहिला होता. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईच्या मांडवी भागातील कोळीवाड्याच्या सभागृहात लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली.

आता वंशाची शेवटची गोष्ट. जोतीराव-सावित्रीबाईंना मूल झाले नाही. वंश चालावा म्हणून दुसरे लग्न करण्याचा आग्रह झाला, तो जोतीरावांनी मानला नाही. काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला त्यांनी दत्तक घेतले. तोच यशवंत. त्याला त्यांनी शिकवले आणि पुढे तो डॉक्टर झाला. १८८७ मध्ये केलेल्या मृत्युपत्रात त्यांनी यशवंतला वारस ठरवले. तो नालायक निघाल्यास माळी, कुणबी, धनगर अशा समाजांतील लायक मुलाला त्याच्या जागी घ्यावे, अशीही तरतूद त्यात केली. ज्या घराण्याची कथा कुळकर्ण्याच्या वैरातून सुरू झाली, त्या घराण्याचा वारस ब्राह्मणीच्या पोटचा मुलगा झाला! वैराचा शेवट यापेक्षा सुंदर काय असू शकेल? रक्ताची वंशावळ जोतीरावांपाशी थांबली, आणि गुणांची वंशावळ सुरू झाली.

१८८८ च्या मध्यास त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात निकामी झाला, तेव्हा डाव्या हाताने लिहून त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हा ग्रंथ पुरा केला. तो त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे निधन झाले. दत्तक मुलाच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद घातला तेव्हा अंत्ययात्रेत सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले. १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्याही गेल्या.

कटगुण, खानवडी, पुणे. शंभरेक वर्षांत या घराण्याने गाव सोडले, नाव सोडले, जमीन गमावली आणि पुन्हा मिळवली. पण चौथ्या पिढीला अक्षर मिळाले आणि त्या एका अक्षराने साऱ्या घराण्याच्या दुःखाला वाचा फुटली. पहिल्या तिघांजवळ दुःख होते, शब्द नव्हते. जोतीरावांजवळ दोन्ही होते.

आपल्या महाविद्यालयात शिकणारे आपण बहुतेक जण शेतकऱ्यांची मुले आहोत. शिकून शेतापासून दूर पळायचे, हा एक मार्ग आहे आणि तो मोहाचा आहे. जोतीराव शिकले आणि अखेरपर्यंत शेतकरी राहिले, हा दुसरा मार्ग. सर्वांनी नांगर धरावा असे मी म्हणत नाही. नोकरी लागली तर मीही ती करीन. पण नागपूरला गेल्यावर आपण कोणाच्या घरचे आहोत, हे सांगताना मान खाली जाऊ नये, एवढे तर आपल्याला करता येईल. आणि आणखी एक. आपल्या घरातील आजा-आजी अजून बोलताहेत तोवर त्यांना विचारावे, की आपण कोठून आलो, कोणत्या साली आलो, काय घेऊन आलो आणि काय सोडून आलो. ते वहीत उतरवून ठेवावे. त्यांना लिहिता आले नाही, आपल्याला येते. शेतकऱ्याची वंशावळ भाट लिहीत नाही. ती त्याच्या शिकलेल्या लेकरांनीच लिहायची असते.